आधी वजनकाटा, मग प्लायवूड

जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन घरीच कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करतोय म्हटलं की लोक पहिल्यांदा गादी केवढी आणि पडदे कुठले ते विचारतात. माझं डोकं खाल्लं ते वजनानं, आणि त्याखालोखाल कागदपत्रांनी. सुतारकाम हा त्यातला सोपा भाग.

गाडी मिळाली ती एका बेकरीची. टेम्पो ट्रॅव्हलर, मागं सीट नसलेली, बंद डब्याची. मूळ आराखडा मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनचा, त्यामुळं दिसायला जुनाट; पण पाटे दणकट आहेत आणि आत मला ताठ उभं राहता येतं. मारुतीची ईको कार्गोही बघितली होती. स्वस्त आणि गल्लीबोळात सोयीची, पण तिच्यात पँट बदलायची तर आडवंच व्हावं लागणार. गाडी घेताना वरच्या रंगाकडं मी लक्षच दिलं नाही. खाली झोपून चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि पाणी निथळायची भोकं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघितली. पत्रा जिथं भुसभुशीत लागला तिथं भाव पाडला. खारी-टोस्टचा वास फुकट मिळाला, सोबत मुंग्याही.

ग्राइंडरला हात लावायच्या आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, तेही आधीच वाचून काढलं. मोजमापांसह नकाशा काढून अर्ज केला, परवानगी हातात पडल्यावरच काम सुरू केलं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवलं. मागं जादा सीट टाकायचा मोह धरला नाही. चालत्या गाडीत माणसं पुढंच बसणार. मागचा डबा गाडी थांबल्यावरचा.

मग वजनकाटा. उसाच्या जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही, आणि काटामारीच्या गोष्टी ऐकतच वाढल्यामुळं एकाच काट्यावर विश्वास ठेवला नाही. आधी अख्खी गाडी, मग नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. या दोन आकड्यांमधल्या फरकात सगळं बसवायचं: फर्निचर, बॅटरी, पाणी, कपडे आणि आपण स्वतः. साठ लिटरची टाकी भरली की साठ किलो तिथंच गेले.

हे मिस्त्रींना पटवणं हाच मोठा कार्यक्रम झाला. त्यांनी आल्या आल्या १८ एमएमचा प्लाय, वर सनमायका, असा हिशेब मांडला. आठ बाय चारचा तसला एक ताव साधारण ३५ किलो भरतो. मी म्हटलं, "मिस्त्री, ही गाडी हाय, किचन ट्रॉली न्हवं." ते म्हणाले, "आवो, पण उद्या हाललं तर नाव माझं निघणार की!" त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पातळ चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्डिंग करून घेतला आणि त्यावर ६ एमएमचा प्लाय लावला. सांगाडा नुसत्या पत्र्यावर न कसता खालून जाड लोखंडी पट्ट्या देऊन बोल्टनं आवळला, वर नायलॉक नट, कारण आमच्या रस्त्यांवर साधा नट सुटायला वेळ लागत नाही. ड्रिल मारायच्या आधी खाली शिरून डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते खडूनं आखून घेतलं.

परदेशी व्हिडिओत सगळा भर थंडीवर असतो. आपल्याकडं मे महिन्यात तापणारा टप हा खरा शत्रू. छताला आणि बाजूंना नायट्राइल फोम चिकटवला. काचेची लोकर (ग्लास वूल) स्वस्त पडते, पण ती ओल धरते. गगनबावड्याच्या पावसात जाणाऱ्या गाडीला ती नको. ओल फक्त बाहेरून येत नाही. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड पत्र्यावर साचते आणि फोममागं गंज धरते. म्हणून टपावर १४ बाय १४ इंचाचं भोक पाडून पंखा बसवला. कापताना उडालेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी लोहचुंबकानं गोळा केला, कडांना प्रायमर मारला, मग सीलंट. कीस टपावर राहिला तर पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उठतात.

विजेचा हिशेब कागदावर सोपा आहे. लिथियमची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२८० वॅट-अवर. छोटा फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल एवढ्यावर दोन रात्री निघतात. पावसाळ्यात सोलरचा भरवसा नाही, म्हणून चालत्या गाडीतून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर घेतला. बॅटरीला लागूनच मोठा फ्यूज. इंडक्शन शेगडी मात्र नाही म्हणजे नाही: १८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टवर दीडशे अँपिअर ओढते, तिला मनगटाएवढ्या वायरी लागतील. पाच किलोचा सिलिंडर ठेवला. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून त्याच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी आहे, आणि स्वयंपाक दार उघडं ठेवूनच.

काम संपल्यावर गाडी पुन्हा काट्यावर नेली. एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर, असंही वजन केलं. पाण्याची टाकी उजवीकडं आहे, त्यामुळं बॅटरी डावीकडं सरकवून तोल साधला. आरटीओची तपासणी त्यानंतर झाली.

मिस्त्री राधानगरीपर्यंत सोबत आले. त्यांचं सगळं लक्ष आवाजाकडं. परतताना म्हणाले, "कपाट हालत न्हाई, पण भांडी लई वाजत्यात." ताटांच्या कप्प्याला आता फेल्टच्या पट्ट्या लावायच्यात.