आयोवातला माळ पेटवताना

आयोवात बघण्यासारखं काही नाही, असं शिकागोतल्या मराठी मित्रांनी बजावलं होतं. एप्रिलात इंटरस्टेट ८० वर पाच तास घालवल्यावर मलाही ते पटलं. मका पेरलेलासुद्धा नसतो. काळी रानं, धसकटं, मध्येच सायलो म्हणजे धान्याची उंच कोठारं, पुन्हा काळी रानं. एके काळी या राज्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उंच गवताची प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान होता. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर बनवला, मग भराभर सगळं उलथलं गेलं. आज हजारातला एक भागही मूळचा उरलेला नाही.

नील स्मिथ अभयारण्यातले बायसन पावसातून ठिपक्यांएवढे दिसले. एवढंच.

मी आलो होतो ते सहकाऱ्याच्या आईच्या शेतावर. वडिलांच्या जमिनीतली चाळीस एकर या बाईंच्या वाट्याला आली. भावाने आपल्या वाट्यात मका चालू ठेवला, यांनी गवत पेरलं. जमीन पिकाखालून काढून राखायच्या, १९८५ पासूनच्या सीआरपी (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम) योजनेत सरकार दरवर्षी भाडं देतं, बदल्यात दहा-पंधरा वर्षं पीक घ्यायचं नाही. मक्यात जास्त सुटले असते, हे त्यांनीच सांगितलं. त्यात पहिली दोन वर्षं रानात नुसतं तण दिसतं, कारण बिग ब्लूस्टेमसारखी गवतं आधी मुळं खाली सोडत बसतात, काहींची दहा फुटांपर्यंत. तण बी धरायच्या आत कापत राहायचं. शेजारी येताजाता विचारायचे, "ट्रॅक्टर बिघडलाय का?"

(पुरंदरात आमच्या माळाच्या सातबाऱ्यावर बराचसा पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, असं लिहिलंय. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी तिथे झाडं लावायला खड्डे खणून जातं. माळाला गवताचा माळ राहू द्यायचं कुणाच्या मनातच येत नाही.)

त्या दिवशी माळ पेटवायचा होता. अग्निशमनवाल्यांना कळवलेलं, कडेने पट्टा कापून ठेवलेला. वारा जिकडे वाहतो त्या कडेला आधी आग लावली. ती वाऱ्याविरुद्ध रांगत मागे सरकली आणि हातभर, मग दहा-पंधरा पावलं रुंद काळी पट्टी तयार झाली. त्यात तासभर गेला. मी पाण्याची पिचकारी पाठीवर घेऊन कंटाळलो. मग वाऱ्याच्या बाजूने पेटवलं. तापल्या कढईत पाणी पडावं तसा तडतडाट, माणसापेक्षा उंच ज्वाळा, चेहरा भाजेल अशी धग. काळ्या पट्टीपाशी पोचल्यावर आग खायला काही न मिळून बसली. सगळं काही मिनिटांत. परदेशी ब्रोम गवत लवकर हिरवं होतं, ते यात होरपळतं. मूळची गवतं तेव्हा जमिनीखाली झोपलेली असतात.

भाऊ पिकअपवर पाण्याची टाकी लादून आला होता. हा उद्योग मूर्खपणाचा आहे, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. आणि धुराच्या बाजूची सगळ्यात वाईट जागा त्यानेच धरली.

जेवायला हॅम सँडविच. आणखी हवं का, एकदाच विचारतात. नको म्हटलं की विषय संपला. आग्रहाविना माणूस उपाशी उठतो या देशात.

"तुमची जमीन आहे का?" भावाने विचारलं.

"आहे. चुलत्यांत सामाईक."

"काय पिकतं?"

"गवत."

त्याने बहिणीकडे पाहिलं. "मग तुम्ही दोघं बोला," म्हणाला आणि टाकी रिकामी करायला गेला.