खुर्चीतला बदाम

लिलावाआधी तपासायला आलेल्या उंच पाठीच्या ओकच्या खुर्चीला चिठ्ठी अडकवलेली होती: 'व्हॉयसी, अंदाजे १९००'. आधार एकच, पाठीच्या मधल्या फळीत आरपार कापलेला, पत्त्यांतल्यासारखा बदाम.

चार्ल्स व्हॉयसी (१८५७–१९४१) हा इंग्लंडच्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स या हातकामाला मान देणाऱ्या चळवळीतला मोठा वास्तुरचनाकार. बदाम त्याचा लाडका. खुर्च्यांत, पितळी बिजागऱ्यांवर, दाराच्या टपालझडपेवरसुद्धा त्याने तो घातला. पण त्याच सुमारास बार्नस्टेपलचे शॅपलँड अँड पेटर, लंडनचे लिबर्टी आणि इतर कितीतरी जण बदामाचं फर्निचर विकत होते. नुसती नक्षी बघून नाव चिकटवायचं, ही सूची लिहिणाऱ्यांची खोड मला मनापासून खटकते. नक्षी कोणती याच्या आधी ती कशी कापली आणि कधी कापली, ते बघायला हवं.

फळी १० मिमी जाडीची. दिवा बाजूने तिरका धरून बदामाची आतली भिंत दहापट भिंगातून पाहिली. सगळ्यात बोलकी जागा म्हणजे वर दोन गोलाई जिथे मिळतात ते टोक. तिथे करवतीचं पातं वळत नाही, दोन्हीकडून येऊन थांबावं लागतं, मग कानस फिरते. कानशीचे ओरखडे स्पष्ट होते, म्हणजे काम हाताचं. इथवर चिठ्ठी खरी वाटत होती.

मग स्पिरिटचा बोळा त्या भिंतीवर फिरवला. बोळा तपकिरी झाला आणि खालून फिकट लाकूड निघालं. दोन्ही कडांना जेमतेम दीड मिमीची गडद रेघ, मध्ये सात मिमी पांढुरकं.

ही खुर्ची धुरी दिलेली होती. बंद पेटीत तीव्र अमोनियाच्या बशा ठेवतात, वाफेने ओकमधलं टॅनिन काळवंडतं आणि रंग पृष्ठभागापासून थोडाच आत उतरतो. बदाम आधी कापलेला असता तर त्याच्या भिंतीही तितक्याच काळवंडल्या असत्या. म्हणजे तो धुरीनंतर कापला आणि वरून रंग फासला. शिवाय व्हॉयसीला ओक रंध्याखालून निघालेलं, रंग-पॉलिश न लावलेलं आवडायचं. धुरी हीच त्याच्या नावाविरुद्धची पहिली साक्ष होती आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला दिसायला हवी होती.

उरलेली खुर्चीही तेच सांगत होती. व्हॉयसीच्या उंच खुर्च्यांचे मागचे खांब वर निमुळते होत पाठीच्या पट्टीच्याही वर जातात. इथे ते पट्टीशीच संपलेले. बैठकीचा एक सांधा सैल होता. त्यात पातळ पट्टी सरकवली तर सपाट कुसाऐवजी, म्हणजे लाकडातूनच काढलेल्या जिभेऐवजी, दोन गोल खुंट्या लागल्या. कारखान्यातला सोयीचा सांधा.

'व्हॉयसीच्या शैलीतली' असं तरी लिहू या, असा वरिष्ठांचा आग्रह होता. मी मानला नाही. बदाम वजा केला तर त्या शैलीचं तिथे काहीच राहत नव्हतं. मी लिहिलं: 'धुरी दिलेली ओकची कारखान्यातली खुर्ची, विसाव्या शतकाचा आरंभ, बदाम नंतर कापलेला.'

तरी एक गोष्ट अजून डोक्यात आहे. त्या बदामाचं वरचं टोक पाठीमागच्या बाजूने गुळगुळीत झिजलं होतं, बरोबर दोन बोटं आत घालून खुर्ची उचलतात तिथे. अशी झीज एका दिवसात येत नाही. विकताना भाव चढावा म्हणून नव्हे, खुर्ची रोज इकडून तिकडे न्यायला पकड हवी म्हणून कुणी तो कापला असेल, तर 'नंतर कापलेला' हे शब्द त्याला फार कोरडे आहेत.