ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवताना

खानापूर तालुक्यातून रोज बेळगावला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्याला संध्याकाळच्या वर्गांचा विचार करता येत नाही, कारण वर्ग सुटेपर्यंत जांबोटीकडची शेवटची बस निघून गेलेली असते. म्हणून यंदा मी केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात नाव नोंदवले. आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली हाती घेतलेल्या या उपक्रमातील व्याख्याने घरी बसून ऐकता येतात, हे खरेच. मात्र सुरुवातीला अभ्यासाहून अधिक लक्ष तारखा आणि कागदपत्रांकडे द्यावे लागते.

“मामा, ते फुकट असतं ना?” असे पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या भाचीने विचारले. व्याख्याने आणि स्वाध्याय विनामूल्य आहेत. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याचे १००० रुपये शुल्क असते आणि त्याची अंतिम तारीखही निराळी असते. अभ्यासक्रमात नाव घातले म्हणजे परीक्षेलाही नाव गेले, असा अनेकांचा समज असतो. परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते आणि तिला ७५ टक्के भार असतो. उरलेले २५ टक्के स्वाध्यायांचे. या दोहोंत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागत असल्यामुळे केवळ शेवटच्या परीक्षेच्या भरवशावर राहून भागत नाही.

आपल्या भागात नावाचा प्रश्न विशेष जपून हाताळावा लागतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे आणि आडनावाचे केवळ आद्याक्षर, आधारवर कन्नड उच्चाराप्रमाणे इंग्रजीत उतरलेले पूर्ण नाव आणि बँकेच्या पासबुकावर आधी आडनाव, असे एकाच माणसाचे तीन नमुने इथल्या कितीतरी घरांत सापडतात. परीक्षेच्या अर्जात जसे लिहाल तसेच नाव प्रमाणपत्रावर छापले जाते, त्यामुळे ओळखपत्र समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहणे बरे. संपूर्ण पदवीच ऑनलाइन घ्यायची असेल, तर २०२४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा डेब आयडी (दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठीचा ओळख क्रमांक) लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (श्रेयांक म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या, आधारशी जोडलेल्या खात्याचा क्रमांक) काढावा लागतो. आधारमधील नावाची दुरुस्ती लांबली, तर प्रवेशाची मुदत आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा जाहिरात येण्याची वाट न पाहता हे काम आधीच उरकावे.

वेळेचे म्हणाल तर, जुलैत सुरू होणारे सत्र ऐन पावसात येते. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात वीज गेली की पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते आणि इकडे स्वाध्याय मात्र ठरलेल्या दिवशी रात्री ११.५९ वाजता बंद होतो. आठ स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम सहा धरले जातात, ही सवलत चांगली आहे. तथापि ती पहिल्याच पंधरवड्यात संपवून टाकणे परवडणारे नाही. बेळगावात जेवणाच्या सुट्टीत मी व्याख्याने मोबाइलवर उतरवून घेतो, बसमध्ये ती ऐकतो आणि स्वाध्याय मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवतो. इंग्रजी व्याख्यान प्रथम वेगवान वाटते, पण त्याचा लेखी मजकूर शेजारी ठेवला की हळूहळू कान बसतो.

भाचीला मी आणखी एक सांगितले. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करण्याची मुभा देऊ शकतात, मात्र तुझ्या महाविद्यालयाने कोणते अभ्यासक्रम मान्य केले आहेत, हे कार्यालयात विचारून लेखी घे आणि मगच नोंदणी कर. नाहीतर मेहनत होईल, पण श्रेयांक गुणपत्रिकेवर चढणार नाहीत.