उजवीकडचा अंधार

नवरीचा बाप लग्नाच्या फोटोत सापडत नाही. आचारी, पाण्याचा टँकर, आहेराची वही, रुसलेले पाहुणे यातच त्याचा दिवस जातो. महिनाभरानं अल्बम बघताना घरचे विचारतात, "दादांचा एकबी नाही का?" म्हणून पाठवणीच्या आधी मी बापलेकीला हाताला धरून दोन मिनिटं उभं करतोच. औसा तालुक्यातल्या त्या लग्नातही केलं आणि नेमका तिथंच चुकलो.

मे महिना. मुहूर्त १२.३५ चा, लग्न लागलं दोनला. नवरदेवाचा परण्या मारुतीपासून मांडवात यायला दीड तास लागला. डीजेपुढं नाचणाऱ्यांना मुहूर्ताचं काय? मांडव गुलाबी-पिवळ्या कापडाचा. फ्लॅश वर छताकडं मारा, उजेड मऊ पडतो, असं शहरातले वर्कशॉपवाले सांगतात. आमच्याकडं छतच गुलाबी असतं. तिथनं उसळून आलेल्या उजेडात नवरदेवाचे दातही गुलाबी दिसतात. त्यामुळं फ्लॅश सरळ समोर.

खरी अडचण वेगळीच होती. माणसं मांडवाच्या सावलीत, मागं रणरणतं ऊन, आणि त्या उन्हात गावातल्या पुढाऱ्यांचा शुभेच्छांचा बॅनर. साधा फ्लॅश लावला की माझ्या कॅमेऱ्याचं शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगानं चालवता येत नाही. तिथं थांबायचं तर ऊन आवरायला लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/८ वर न्यावं लागतं, मग मागचंही स्पष्ट येतं आणि बॅनरवरची सगळी नावं फोटोत वाचता येतात. म्हणून सकाळपासून हायस्पीड सिंक लावून १/५००, एफ/५.६, आयएसओ १०० वर काम चालू होतं. या पद्धतीत फ्लॅश एकदा न चमकता, शटरच्या दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकते तोवर भराभर चमकत राहतो. त्यात ताकद बरीच घटते, सेल पटापट उतरतात आणि फ्लॅशचं डोकं तापतं. आहेराच्या रांगेत दोनशेच्या वर फोटो झाल्यावर मागं तापल्याची खूण आली आणि फ्लॅश गप्प बसला. हात लावला तर तवा.

बॅगेत दुसरा फ्लॅश होता. हाताने ताकद लावायचा, पायाला एकच पिन. जुने फ्लॅश मी असेच कॅमेऱ्यावर चढवत नाही. काहींच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर निघतात, कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. हा मल्टिमीटर लावून तपासलेला होता, त्याचा मला अभिमान. मदतीच्या पोरानं तो चढवला, मी १/४ ताकद लावली. तेवढ्यात व्हिडिओवाला ओरडला, "चला चला, गाडी लागली!" या माणसाला कायम घाई. दिवसभर नवरीच्या डोळ्यांत एलईडी मारून वर हाच घाई करणार.

दादा हातातली बादली ठेवून आले. पंक्तीत वाढत होते. "लवकर घ्या हो भाऊ, वाढपी कमी पडायलेत." फेटा एका कानावर सरकलेला, सदऱ्यावर वरणाचा डाग. पोरगी त्यांच्याकडं बघून हसली आणि लगेच रडायला लागली. कॅमेरा उभा धरून मी सहा फोटो घेतले. सहाही वेळा फ्लॅश व्यवस्थित चमकला. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी बघितलंही नाही.

रात्री लातूरला येऊन फाइली उघडल्या. सहाही फोटोंत डावीकडं पोरगी लख्ख, गालावरचा अश्रूसुद्धा चमकतोय. उजवा अर्धा भाग काळा. दादा काळ्यात.

शटर १/५०० वरच राहिलं होतं. माझ्या नेहमीच्या फ्लॅशचं हायस्पीड बंद असलं तर कॅमेरा स्वतःच १/२५० वर अडवतो, कारण फ्लॅश कोणता आहे ते त्याला कळतं. एका पिनेच्या फ्लॅशचा त्याला पत्ताच लागत नाही. १/५०० ला सेन्सर एका वेळी पूर्ण उघडा नसतो. दुसरा पडदा निम्म्यात आलेला असताना फ्लॅश एकदाच चमकून जातो. पडद्याआड गेलेल्या भागाची काळी पट्टी आडव्या फोटोत खाली येते, पायांवर जाते, चालून जातं. कॅमेरा बटण वर करून उभा धरला की ती उजवीकडं येते. मी दादांना उजवीकडंच उभं केलं होतं. हे सगळं मी त्याच पोराला दोनदा शिकवलंय.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, होती म्हणून वाचलो. काळ्या भागात सावलीतला थोडा उजेड होता. तेवढा भाग निवडून तीन स्टॉप, म्हणजे आठपट, वर ओढला. चेहऱ्यावर रवा आला, फेट्याचा केशरी रंग विटकरी झाला, दोघांच्या मधला उजेडाचा बांध मात्र पुसता पुसेना. दोन रात्री त्यावर घालवल्या. तो फोटो वगळावा असंही एकदा वाटलं. पण दादांचे तेवढेच होते.

अल्बम द्यायला मी स्वतः गेलो. दादांनी चष्मा लावला, पान उलटलं आणि त्या फोटोवर बराच वेळ थांबले. विटक्या फेट्यावरून बोट फिरवलं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बायकोला म्हणाले,

"बघ, लेक उन्हात हाय. मी सावलीला उभा ऱ्हायलो. कळलंबी नाही त्या टायमाला."

"अवं, गडबड किती हुती," त्या म्हणाल्या.

मी चहा प्यायलो, उरलेले पैसे घेतले आणि निघालो. तो एका पिनेचा फ्लॅश अजून बॅगेत आहे. पायाला लाल टेप गुंडाळून त्यावर पेनानं २५० लिहिलंय.