ताण तुटला आणि हमिंग परत आलं

मंडळी, मागच्या खेपेला मी छाती फुगवून लिहिलं होतं की माझ्या ५-१० या वॉल्व ॲम्पमधलं हमिंग, म्हणजे स्पीकरमधली घुं, मेलं. ते शब्द परत घेतो. मेलं नव्हतं, ताणावर होतं. बहारासाठी पाणी तोडलेल्या आमच्या संत्र्यासारखं.

ॲम्प तोच, मुलार्ड ५-१०. ईएफ८६, ईसीसी८३, दोन ईएल८४ हे वॉल्व आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर वॉल्व ईझेड८१. ट्रान्सफॉर्मर अमरावतीत गुंडाळून घेतलेला, २३० व्होल्टचा एकच टॅप. डेक, म्हणजे तबकडी फिरवायचं यंत्र, चार स्पीडचा गॅरार्ड, खाली परतवाड्याच्या आरागिरणीतून आणलेल्या सागवानाची पेटी. मागच्या मे महिन्यात सुई धरणारं क्रिस्टल कार्ट्रिज गेलं, हे सांगितलंच होतं. त्यातलं रोशेल सॉल्ट पन्नाशीच्या पुढच्या उष्णतेत टिकत नाही आणि माझी खोली टिनाची. तेव्हापासून उलटायच्या सुईचं सिरॅमिक वापरतो. एका बाजूला एलपीची बारीक सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची, तीन मिलची (इंचाचे तीन हजारांश).

डिसेंबरात रिझर्व्हायर कंडेन्सर, म्हणजे रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणारा, बदलला. ५० चा काढून ५० चाच टाकला. "२२० टाक, खोली दणाणून जाईल" असा सल्ला आला होता. ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही, त्यामुळे खोलीच्या आधी रेक्टिफायर दणाणला असता. तर कंडेन्सर टाकला, ॲम्प लावला आणि स्पीकरमध्ये चिटपाखरू नाही. महिनाभर हिराबाई बडोदेकर ऐकल्या. त्या ७८ मधला तंबोरा पहिल्यांदा सुटा ऐकू आला.

संक्रांतीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी ॲम्प लावला तर घुंऽऽऽ.

आधी वाटलं, नवा कंडेन्सरच फुसका निघाला. पण आवाज कोणता आहे हे तर ठरवायला हवं. फिल्टर, म्हणजे तोच कंडेन्सर, गेलं असेल तर १०० हर्ट्झ, कारण दोन्ही अर्धलहरी रेक्टिफाय होतात. वॉल्व तापवणाऱ्या हीटरमधून, अर्थिंगमधून किंवा शेजारच्या वायरीतून आलं असेल तर ५०. मोबाइलच्या ॲपवर माझा भरवसा नाही, मोबाइलच्या माइकला ५० हर्ट्झ धड ऐकू येत नाही. म्हणून गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांना बोलावलं. बुवांनी पेटी उघडली, खर्जातली पांढरी पाच दाबली, डोळे मिटले. म्हणाले, "हे तं तिच्यापेक्षाही एक सप्तक खाली आहे जी, अन् थोडकं चढं." खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची. तिच्या खालची ४९. थोडकं चढं म्हणजे ५०! ऑसिलोस्कोप नाही म्हणून रडणाऱ्यांनी एक पेटीवाला बुवा जोडून ठेवावा.

म्हणजे कंडेन्सर निर्दोष. मग मी हीटरच्या मागे लागलो आणि तिथे तीन आठवडे गेले. हीटरच्या तारा पीळ घालून नव्याने ओढल्या. मधोमध हमिंग तोलून मारायचा १०० ओमचा हमडिंगर पॉट बसवला, फिरवून फिरवून त्याचा कार्बन झिजवला. थोडा फरक पडला की काय असं वाटे, सकाळी पाहावं तर काही नाही. ईएफ८६ बदलला. 'कोरा, डब्यातला' म्हणून मागवलेल्या दोनपैकी एकाच्या पिना घासून चकचकीत केल्या होत्या आणि काचेवरचा छाप नखानं निघाला. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण जुन्या वॉल्ववर नवा छाप मारणारे आपल्याकडे कमी नाहीत. छाप निघतो का हे आधी नखानं पाहा, पैसे मग द्या. घरातला जुना बीईएलचा ईएल८४ मात्र अजून ठणठणीत आहे.

मध्येच व्होल्टेजवर ठपका ठेवला. घर शेतात आहे आणि आमची डीपी (ट्रान्सफॉर्मर) मोटरींचीच. थ्री-फेज आली की सगळ्यांच्या मोटरी सुरू होतात आणि घरात १९० येतं. थ्री-फेज गेली की २५५. हमिंग नेमकं १९० ला यायचं आणि २५५ ला गायब. मला वाटलं, वॉल्व उपाशी राहतो म्हणून कण्हतो. डायमरसारखा फिरवायचा ऑटोट्रान्सफॉर्मर मित्राकडून आणला, १९० चे २३० करून दिले. हमिंग तसंच, उलट पोटभर जेवून जास्त जोरात!

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ईसीसी८३ काढला, शांत. तो परत लावून ईएफ८६ काढला, शांत. तोही परत लावून इनपुटचं सॉकेट चॅसिसला शॉर्ट केलं, शांत. म्हणजे ॲम्प सोन्यासारखा, घाण बाहेरून येते. इनपुटला काय आहे? डेक. डेकला काय आहे? शिल्डची (बाहेरून जाळी असलेली) वायर आणि माझी लाडकी अर्थिंग.

या अर्थिंगबद्दल मी दोन वर्षांपूर्वी पानभर लिहिलं होतं. "ऑडिओला वेगळी, स्वच्छ अर्थिंग हवी" असं कुठेतरी वाचलं होतं. घराची अर्थिंग ओसरीच्या कोपऱ्यात. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, हात जाईल एवढ्या फटी पडतात, मग तिथे कसली अर्थिंग! म्हणून डेकसाठी काकाजींच्या विहिरीच्या काठावर खड्डा केला. तिथे बारा महिने ओल. जीआय पाइप, कोळसा, मीठ, सगळं साग्रसंगीत. तिच्यावर माझा इतका विश्वास की तीन आठवड्यांत तिला एकदाही हात लावला नाही.

डेकची ती वायर सोडवली. हमिंग बंद. लावली, घुंऽऽऽ. सोडवली, बंद. दहा वेळा केलं. बायको म्हणाली, आता पुरे.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून घराची अर्थिंग आणि विहिरीची अर्थिंग यांच्यामध्ये लावला. २.६ व्होल्ट! काकाजींना हाक मारून मोटर बंद करायला लावली, ०.१. परत चालू, २.६. आता सगळं जुळलं. संत्र्याला अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटचा फुलोरा, यावा म्हणून डिसेंबरात काकाजींनी बागेचं पाणी तोडलं होतं, झाडं ताणावर होती, मोटर बंद. मी कंडेन्सर टाकला तो त्याच महिन्यात. जानेवारीच्या मध्यात ताण तोडला, मोटर सुरू झाली आणि माझं हमिंग फुलोऱ्यावर आलं. व्होल्टेज पडणं आणि हमिंग येणं ही एकाच मोटरीची दोन पोरं होती, मी एकाला दुसऱ्याचा बाप समजत होतो.

विहिरीतल्या सबमर्सिबलची केबल दगडाला घासून सोलली होती. फेज थोडी थोडी ओल्या मातीत झिरपत होती आणि माझा पाइप त्याच ओलीत. ॲम्पचं चॅसिस घराच्या अर्थिंगला, डेक विहिरीच्या अर्थिंगला, दोन्ही जोडणारी एकच वस्तू म्हणजे पिकअपच्या वायरीचं शिल्ड. तो करंट शिल्डमधून वाहायचा आणि शिल्डवर जे काही मिलिव्होल्ट पडतील ते सिग्नलमध्ये मिसळायचे. ५-१० ला पुऱ्या दहा वॅटसाठी इनपुटला ४० मिलिव्होल्ट पुरतात, तेव्हा एकदोन मिलिव्होल्टनंही खोली भरते.

काकाजी विहिरीत डोकावून म्हणाले, "अरे, पाइपाले हात लावला का झिणझिण लागे. मले वाटे, वय झालं." मी हबकलो. मोटर बंद ठेवून केबल वर ओढली, सोललेला तुकडा कापून नवा वॉटरप्रूफ जोड दिला आणि स्टार्टरला अर्थ लीकेजचं संरक्षण बसवलं. काकाजी आता गावभर सांगतात, "याच्या बाजानं माही मोटर धरली."

केबल दुरुस्त झाल्यावर दोन अर्थिंगमधला फरक ०.२ वर आला. तरी डेकची ती वायर मी परत लावली नाही. डेकची पत्रा-प्लेट आता ॲम्पच्या चॅसिसला एकाच ठिकाणी जोडली आहे आणि चॅसिस घराच्या अर्थिंगला. 'स्वच्छ अर्थिंग' हे प्रकरण माझ्यापुरतं संपलं. हमिंग घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाकणारे आपल्यातही आहेत. ३२० व्होल्टचा एचटी (वॉल्वना लागणारा उच्च डीसी दाब) असलेल्या पेटीला असं करू नका, बाप्पा.

मधल्या काळात भाच्याने एक अपघात केला. तबकडी पुसायला त्यानं मोबाइलचा स्क्रीन पुसायचं पाणी घेतलं, ज्यात स्पिरिट असतं. ७८ म्हणजे लाख. आपल्या गोंदियाकडे पळसावर होते तीच, आणि सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात तो चपडा म्हणजेही तीच. माझ्या सागवानी पेटीला जे पॉलिश आहे तेच त्यानं तबकडीचं करून टाकलं. तीन इंच पट्टा पांढुरका झालाय, तिथे सुई फुरफुरते. ७८ ला साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, कागदी लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं, एवढंच.

आता पुढचं. हीटरसाठी डीसी सप्लाय बनवणार होतो, ब्रिज आणि ४७०० चे कंडेन्सर आणून ठेवलेत. त्याची गरजच उरली नाही. त्याऐवजी इनपुटचा रेझिस्टन्स १ मेगओमवरून २.२ मेगओमवर नेतो. माझं सिरॅमिक सुमारे ८०० पिकोफॅरड भरतं, म्हणजे १ मेगला खर्ज २०० हर्ट्झपासूनच गळायला लागतो. २.२ ला तो ९० पर्यंत जाईल. तबला अजून डबा वाटतो तो यामुळेच, असा माझा कयास.

आणि थ्री-फेज गेल्यावरच्या २५५ चं काहीतरी करायला हवं. हीटरला ६.९८ येतात, वरची मर्यादा ६.९३. रेक्टिफायर सोडून चार वॉल्व मिळून दोन अँपिअर ओढतात, तेव्हा दोन्ही तारांत ०.१५ ओमचा एकेक रेझिस्टर टाकला की ०.६ व्होल्ट उतरतील. पण त्यानं एचटी उतरत नाही. त्यापेक्षा १२ व्होल्टचा एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर प्रायमरीत उलटा जोडला तर २५५ चे २४२ होतील, हीटर ६.६ वर आणि एचटीही खाली. रेझिस्टरची ऑर्डर रद्द.

थांबा. मोटरी लागल्या की १९० येतं, तेव्हा हाच ट्रान्सफॉर्मर त्याचे १८० करील. म्हणजे तीन जागांचा स्विच हवा: उलटा, बाजूला, सुलटा. सुलटा जोडला तर १९० चे दोनशे होतील, भागेल. चुकून २५५ ला सुलटा राहिला तर २६८. स्विचशेजारी व्होल्टमीटर लावावाच लागेल, तोही सुईचा. फिरता स्विच परतवाड्यात मिळाला नाही, आता नागपूरला सीताबर्डीत पाहतो.

एक मात्र स्विचनं पूर्ण सुटणार नाही. १९० ला डेकची मोटरही मंदावते. ५० हर्ट्झच्या स्ट्रोबवरच्या, म्हणजे वेग तपासायच्या चकतीवरच्या, ७७ रेघा मागे सरकताना दिसतात. एलईडीखाली नीट दिसत नाहीत, निऑन टेस्टर धरा. बुवांच्या कानानं हिराबाई पाव पट्टी उतरल्या. या आठवड्यात थ्री-फेज रात्रीची आहे, म्हणून सध्या तबकडी लावतो ती सकाळी, काकाजी मोटर बंद करून चहाला आले की.