प्रौढांच्या सेवांचा आराखडा : सुरुवात कोणापासून करायची?

बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आणि स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी सातारा जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने सेवा उभ्या कराव्यात, असे आमच्या पालक संघटनेने ठरवले आहे. अशा प्रौढांना दिवसा काम आणि सोबत देणाऱ्या कार्यशाळेत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे आराखड्याचा पहिला मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आतापर्यंतच्या बैठकांमध्ये निम्मा वेळ जागेच्या चर्चेत गेला आहे. जमीन कोण देईल, बिगरशेती परवाना कधी मिळेल, बांधकामाला देणगीदार कोण, पहिल्या मजल्यावर किती खोल्या बसतील, असेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. त्यामुळे पहिला टप्पा म्हणजे भूमिपूजन, दुसरा म्हणजे इमारत आणि तिसरा म्हणजे प्रवेश, असा क्रम जवळजवळ प्रत्येकाच्या मनात आपोआप तयार झाला आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. टप्पे इमारतीवरून ठरवू नयेत, ते सांभाळणाऱ्या आईवडिलांच्या वयावरून ठरवावेत.

अठराव्या वर्षापर्यंत विशेष शाळा असते. त्यानंतर तालुक्यात कार्यशाळा असेल आणि तिथे जागा असेल तर दिवसाचे पाच-सहा तास कुठेतरी जाता येते, नाहीतर पुढची तीस-चाळीस वर्षे घरातच जातात. अनाथ दिव्यांग मुलांच्या बाबतीत हा अठराचा उंबरठा किती निष्ठुर आहे, हे अमरावती जिल्ह्यातील वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी राज्याला वर्षानुवर्षे सांगितले. बालगृहाचा नियम सज्ञान झाल्यावर मुलाला बाहेर काढायला सांगत होता आणि त्यांनी आपली मुले बाहेर काढली नाहीत. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र अठरानंतर आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा कायदा करा, ही त्यांची मूळ मागणी आजही आपल्यासारख्या संघटनांच्या टेबलावर तशीच पडून आहे. आईवडील असलेल्या मुलांचा प्रश्न याहून कमी दिसतो, कारण तो घरात झाकलेला असतो. आई ऐंशीची आणि मुलगा पन्नाशीचा, अशी घरे माझ्या माहितीतल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी कोणत्याही योजनेसाठी अर्ज केलेला नाही.

म्हणून पहिले काम यादीचे आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ लाख ६० हजार व्यक्ती बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात नोंदल्या गेल्या. जिल्ह्यामागे सरासरी काढली तर हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास येतो, पण त्यावर आराखडा उभा करता येत नाही. त्या जनगणनेत स्वमग्नतेला आणि सेरेब्रल पाल्सीला स्वतंत्र रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले ते त्यानंतर. शिवाय त्या आकड्यात सगळ्या वयाची माणसे आहेत. यूडीआयडी कार्डांची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रांची, यादी अधिक उपयोगी आहे, परंतु ज्या घरांची आपल्याला सर्वांत जास्त काळजी वाटायला हवी ती घरे नेमकी त्या यादीबाहेर असतात, कारण चाळिशीतल्या, सहज चिडणाऱ्या, एसटीत बसायला घाबरणाऱ्या माणसाला प्रमाणपत्रासाठी सिव्हिलला नेणे पंचाहत्तरीच्या आईला झेपत नाही. त्यामुळे यादी आशाताई, अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकानदार यांच्याकडून गावोगाव करावी लागेल. त्या यादीत अपंगत्वाच्या टक्केवारीइतकेच तीन रकाने ठळक हवेत: सांभाळणाऱ्याचे वय काय, त्याला कोणता मोठा आजार आहे, आणि तो एक आठवडा रुग्णालयात पडला तर घरात दुसरे कोण आहे. तिसऱ्या रकान्यात ‘कोणी नाही’ असे येणारी घरे पहिल्या टप्प्यात, मग त्यांचे गाव आमच्या कार्यालयापासून कितीही लांब असो.

अशी वर्गवारी काही नवी नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात प्रतीक्षायादीवरील व्यक्तींची निकड तीन गटांत लावली जाते. सहा महिन्यांच्या आत सेवा लागेल असा एक गट, दोन वर्षांच्या आत लागेल असा दुसरा, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत लागेल असा तिसरा. मला यातली सरळ गोष्ट आवडते ती ही, की अर्ज आधी कोणी केला यापेक्षा सेवा केव्हा लागेल या प्रश्नाला तिथे महत्त्व मिळते. आपल्याकडे यादी म्हटली की पहिला अर्ज पहिला नंबर, आणि पहिला अर्ज बहुधा शहरातल्या, कागदपत्रे तयार असलेल्या, पंचेचाळिशीतल्या पालकांचा असतो. त्यांचा हक्क कमी आहे असे मी म्हणत नाही, पण त्यांच्याकडे वेळ आहे.

टप्प्यांचा क्रम चुकला की काय होते आणि बरोबर असला तरी काय होते, हे पाहायचे असेल तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेचा (दिव्यांगांच्या सेवांचा खर्च उचलणारी सरकारी योजना) इतिहास वाचावा. त्यांनी १ जुलै २०१३ रोजी योजना देशभर एकदम सुरू न करता चाचणीची ठिकाणे निवडली, आणि त्यांची निवडीची पद्धत दुहेरी होती. न्यू साउथ वेल्समधील हंटर आणि व्हिक्टोरियातील बारवन या भागांत ६५ वर्षांखालील सर्वांसाठी योजना खुली केली. साउथ ऑस्ट्रेलियात मात्र केवळ १४ वर्षांपर्यंतची मुले घेतली आणि टास्मानियात १५ ते २४ वयाची तरुण मंडळी. हंटरमध्येही आधी न्यूकॅसल, मग लेक मॅक्वारी, मग मेटलंड असे एकेका वर्षाने पुढे सरकले. साउथ ऑस्ट्रेलियात अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मुले पुढे आली, कारण सेवा मिळते म्हटल्यावर तोवर न मोजलेली कुटुंबे दिसू लागली. हा अनुभव आमच्या यादीलाही येणार आहे, हे मसुद्यात मी आधीच लिहून ठेवले आहे. २०१६ च्या जुलैमध्ये योजना देशभर पसरू लागली तेव्हा नवी संगणकप्रणाली कोलमडली आणि सेवा देणाऱ्या संस्थांची देणी कित्येक आठवडे अडकली. पुढच्याच वर्षी तिथल्या उत्पादकता आयोगाने विस्ताराच्या वेगामुळे व्यक्तिगत आराखड्यांच्या दर्जावर परिणाम होत असल्याचे स्पष्ट नोंदवले. जिल्हास्तरावरच्या आमच्या खटपटीची त्या अवाढव्य योजनेशी तुलना करणे हास्यास्पद आहे, याची मला कल्पना आहे. तरीही वयाने टप्पे पाडायचे तर लहान मुलांपासून सुरुवात करणे सगळ्यांना सोपे वाटते, ही बाब दोन्हीकडे सारखीच आहे. मुलांचे फोटो चांगले येतात, प्रगती दिसते, देणगीदार खूश होतो. पन्नाशीतला माणूस सहा महिन्यांत एक नवीन गोष्ट शिकला तर ती वार्षिक अहवालात लिहिण्यासारखी वाटत नाही.

पहिल्या टप्प्यात प्रत्यक्ष सेवा कोणती द्यायची, यावर माझे मत ठाम आहे: अल्पकालीन निवास. अशा व्यक्तींसाठी केंद्र सरकारने स्थापन केलेल्या राष्ट्रीय न्यासाने अल्पकालीन निवासासाठी ‘समर्थ’ आणि कायमच्या निवासासाठी ‘घरौंदा’ अशा योजना आखल्या, पण आपल्याकडे चर्चा सुरू होते ती दुसऱ्या टोकापासून. ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न इतका मोठा आहे की ‘माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, चार दिवस याला कोण ठेवील’ हा प्रश्न विचारायला पालकांना संकोच वाटतो. अल्पकालीन निवासाला नवी इमारत लागत नाही. शहरात तळमजल्यावरचे भाड्याचे तीन खोल्यांचे घर, पकडदांडे लावलेले संडास-बाथरूम आणि रात्री जागे राहणारा माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. त्यातून आणखी एक काम साधते. आयुष्यात एकही रात्र आईशिवाय न काढलेल्या माणसाला तिच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी अनोळखी वसतिगृहात पोहोचवणे, ही आजची रूढ पद्धत आहे. वर्षातून चार-पाच वेळा तो दोन-तीन रात्री त्याच घरात, त्याच माणसांजवळ राहिला असेल तर तो धक्का निदान सोसण्याजोगा होतो.

या मुक्कामासाठी आम्ही कार्यशाळेत एक माहितीपत्रक तयार केले आहे आणि ते भरताना जे बाहेर येते ते कोणत्याही वैद्यकीय अहवालात सापडत नाही. एका आईने सांगितलेले लिहितो. चहा बशीत ओतून दिला तरच पितो, कपाला हात लावत नाही. झटक्याची गोळी रात्रीच्या जेवणात भाताच्या पहिल्या घासाबरोबर द्यायची, शेवटी दिली तर थुंकतो. लघवीला जायचे असले की बोलत नाही, सदऱ्याचे वरचे बटण ओढत राहतो, आणि त्याकडे लक्ष गेले नाही तर कपडे खराब होतात, मग तो स्वतःच्या गालावर मारून घेतो. शेवटची साखळी महत्त्वाची आहे, कारण बटणाची खूण ठाऊक नसलेल्या संस्थेत हाच माणूस ‘हिंसक वर्तन’ या शेऱ्याखाली जमा होईल आणि त्याला झोपेचे औषध सुरू होईल. ही माहिती आज फक्त त्या आईकडे आहे आणि तिचे वय एकोणऐंशी आहे. पालकांच्या वयावरून टप्पे पाडा असे मी म्हणतो त्यामागे दयाबुद्धी कमी आणि हा हिशेब जास्त आहे.

कायमच्या निवासाचा टप्पा मी तिसरा ठेवला आहे, आणि त्याचे कारण मनुष्यबळ. आठवड्याचे तास १६८. एक काळजीवाहक आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले तर चोवीस तास एक माणूस हजर ठेवण्यासाठी साडेतीन माणसे लागतात, आणि रजा, आजारपण, गावची जत्रा धरली तर चार. सहा जणांचे छोटे घर चालवायचे, दिवसा सोळा तास दोघे आणि रात्री आठ तास एक जण ठेवायचा, तर आठवड्याला २८० तास होतात, म्हणजे रजा आणि आजारपण धरले तर सहा माणसे पुरत नाहीत, सात लागतात. सहा रहिवाशांना सात कर्मचारी हे वाक्य बैठकीत वाचल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग एकाने ‘मग पन्नास जणांचेच मोठे वसतिगृह परवडेल’ असे सुचवले. परवडेल, कारण तिथे रात्री पन्नास जणांमागे दोघे असतील. त्याला मी घर म्हणू शकत नाही. मुळशी तालुक्यात कोळवणजवळच्या साधना व्हिलेजमध्ये १९९४ पासून प्रौढ व्यक्ती गावाच्या सोबतीने राहत आहेत. त्याचा बांधकामाच्या अंगाने नव्हे, तर रोजच्या वेळापत्रकाच्या अंगाने अभ्यास आमच्या मंडळींनी करावा, असे मला वाटते. आणि हे सात जण मिळणार कुठून? प्रशिक्षित काळजीवाहक जाहिरातीने येत नाहीत. अल्पकालीन निवासात आणि कार्यशाळेत वर्षभर टिकलेल्या माणसांमधूनच ते निवडावे लागतात, म्हणून आधीचे दोन टप्पे हे तिसऱ्याची भरतीही आहेत.

मधला दुसरा टप्पा म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी दिवसाची केंद्रे आणि ने-आण. इथे भूगोल आडवा येतो. कराड आणि फलटणला केंद्र चालू शकेल, पण पाटणच्या कोयनेकाठच्या किंवा जावळीतल्या वाडीतून रोज येणे अशक्य आहे आणि माणमध्ये गावे इतकी विखुरलेली आहेत की व्हॅनचा फेरा दोन-अडीच तासांचा होतो. अशा ठिकाणी केंद्राचा हट्ट सोडून आठवड्यातून दोनदा घरी जाणारा प्रशिक्षित कार्यकर्ता ठेवावा, असे मसुद्यात आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे अपेक्षित आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीस वस्तूवाटपात किंवा थोड्या रोख रकमेत संपतो. आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून त्यातला काही वाटा या कार्यकर्त्याच्या मानधनासाठी वर्षभर दिला तर एक माणूस उभा राहू शकतो. ग्रामसेवकांशी बोलल्यावर लेखापरीक्षणाची भीती हाच अडसर दिसतो, त्यामुळे जिल्हा परिषदेकडून स्पष्ट लेखी सूचना मिळवणे हे संघटनेचे काम आहे.

कागदपत्रांचे काम यांपैकी कोणत्याच टप्प्यासाठी थांबू नये. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानीय स्तर समिती कायदेशीर पालकाची नेमणूक करते. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेत खाते उघडताना कळते. न्यासाच्याच निरामय आरोग्य विम्याचे संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत आहे आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. तरीही दर वर्षी नूतनीकरण राहून गेलेली कुटुंबे आमच्याच कार्यशाळेत सापडतात. पुढचा पालक म्हणून भावंडाचे नाव सुचवताना त्या भावंडाला विचारलेले असावे, ही अट मी घातली आहे. तिच्यावर सर्वांत जास्त वाद झाला.

मसुद्यातील एका कलमावर अजून एकमत नाही. दुसरा टप्पा सुरू करण्याची तारीख मी लिहिलेली नाही. त्याऐवजी अल्पकालीन निवासात सलग वर्षभर रात्रपाळी एकदाही रिकामी राहिली नाही, यादीतील पहिल्या गटातल्या प्रत्येक घराचे माहितीपत्रक भरले गेले, आणि निम्म्याहून अधिक घरांनी किमान एकदा मुक्कामाची सेवा वापरली, तरच पुढे जायचे, असे लिहिले आहे. कार्यकारिणीतील काहींना तारखेशिवाय देणगीदारांसमोर जाणे अवघड वाटते, आणि त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी अंदाजी वर्ष एका वेगळ्या तक्त्यात देण्याची माझी तयारी आहे, पण अटी मूळ कलमातच राहतील. पुढच्या बैठकीत कराड आणि दहिवडीच्या पालकांसमोर हे कलम वाचले जाणार आहे.