तुम्ही विचारलंत म्हणून : आपलं स्पॅनिश नेमकं कितपत आलंय?

“दोन वर्षं शिकतोय, आता माझी लेव्हल काय धरायची?” स्पॅनिश शिकवणाऱ्यांना हा प्रश्न सतत ऐकावा लागतो. विचारणाऱ्याने तोवर इंटरनेटवरच्या दोन-तीन मोफत चाचण्या देऊन झालेल्या असतात. एकीने बी२ म्हटलेलं असतं, दुसरीने ए२, आणि रोजच्या ॲपमध्ये सगळे धडे हिरवे झालेले असतात. यातलं खरं काय, असं त्यांना हवं असतं. उत्तर जरा लांब आहे, म्हणून एकदाच सविस्तर.

मुळात लेव्हल ही एक नसते. ए१ ते सी२ या सहा पायऱ्या युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतून आल्या. त्या चौकटीतच स्वतःला तपासायचा एक तक्ता दिलेला आहे. त्यात ऐकणं, वाचणं, संभाषण, सलग बोलणं आणि लिहिणं अशा पाच ओळी आहेत. म्हणजे आखणाऱ्यांनीच तुमच्याकडून पाच उत्तरं धरली आहेत. वाचन बी२ आणि बोलणं ए२ असा माणूस अपवाद नाही. पुस्तक आणि ॲपवर एकट्याने शिकलेल्यांत तोच नेहमी भेटतो. त्याने “मी बी१” असं मधलं काहीतरी सांगितलं, तर ते त्याच्या कुठल्याच कौशल्याला लागू पडत नाही.

हा तक्ता भरताना ‘येतं’ कशाला म्हणायचं हे ठरवून घ्या. एकदा जमलं ते येतं असं नाही. अनोळखी विषयावर, दमलेले असताना, समोरचा थांबत नसतानाही दहातल्या आठ वेळा जमतं, ते येतं. बी२चं मूळ वर्णनच असं आहे की, मूळ भाषकाशी बोलताना दोघांपैकी कुणालाही ताण पडू नये. यातलं ‘दोघांपैकी’ लोक सोयीस्कर विसरतात.

मोफत चाचण्या फसवतात त्या मुद्दाम नव्हे. त्यात बहुधा तीस-चाळीस बहुपर्यायी प्रश्न असतात आणि ते व्याकरणावर असतात. योग्य रूप ओळखता येतं का, एवढंच त्यांना दिसतं. ते वेळेवर सुचतं का, हे दिसत नाही. शिवाय तीन पर्यायांच्या प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी साधारण एक तृतीयांश बरोबर येतात.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. या चाचण्यांतले काही प्रश्न इंग्रजी भाषकाला अवघड जातात म्हणून ठेवलेले असतात. आपल्याला ते फुकट मिळतात. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ यातलं क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी होतं, हे ‘मला आंबे आवडतात’ म्हणणाऱ्याला शिकवावं लागत नाही. माणूस कर्म असेल तर त्याआधी ‘आ’ लावायचा, हेही ‘मी रमेशला पाहिलं’मधल्या ‘ला’मुळे चटकन बसतं. त्यामुळे असल्या प्रश्नांतले गुण धरून आपण पुढच्या पायरीवर गेलो असं मानू नका. आपली खरी परीक्षा दुसरीकडे आहे. ‘दार उघडं होतं’ आणि ‘लग्न मे महिन्यात होतं’ यांत मराठीला एकच ‘होतं’ चालतं. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘एस्ताबा’ लागतं, दुसऱ्याला ‘फुए’. ‘असणं’साठीच्या सेर आणि एस्तार या दोन क्रियापदांतलं कुठलं आणि कुठला भूतकाळ, हे दोन्ही निर्णय एका शब्दात करायचे असतात. हे लिहिताना जमतं आणि बोलताना कोसळतं, आणि तिथेच ए२ व बी१ वेगळे होतात.

गोव्यात पोर्तुगीज येणाऱ्यांनी तर वाचनाचे गुण बाजूलाच ठेवावेत. पोर्तुगीजच्या जोरावर स्पॅनिश बातमीचा बराच भाग शिकल्याशिवाय कळतो. त्यांनी लिहून आणि बोलून स्वतःला तपासावं, आणि दोन भाषांची सरमिसळ किती होते ते पाहावं.

मग करायचं काय? घरच्या घरी सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे डेले परीक्षेच्या नमुना प्रश्नपत्रिका. डेले ही इन्स्तितुतो सेर्वांतेसची परीक्षा. दिल्लीतही या संस्थेचं केंद्र आहे. तिच्या परीक्षांच्या संकेतस्थळावर प्रत्येक पातळीचा नमुना, ध्वनिफीत आणि उत्तरसूचीसह, फुकट मिळतो. आपण ज्या पातळीवर आहोत असं वाटतं, तिच्या एक पायरी खालचा घ्या. तो आरामात सुटला तर वर जा. उलट क्रमाने गेलात तर कमी गुण हाती येतात, पण पाया कुठे कच्चा आहे ते कळत नाही.

बी१चं उदाहरण घेऊ, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच असतो. वाचनाला ७० मिनिटं आणि ३० प्रश्न, ऐकण्याला सुमारे ४० मिनिटं आणि तेही ३० प्रश्न. लिहायला एक तास. बोलायला १५ मिनिटं आणि त्याआधी तयारीला आणखी १५. एका दिवशी वाचन-ऐकणं आणि दुसऱ्या दिवशी लिहिणं-बोलणं असं विभागलं तरी चालेल. चालत नाहीत त्या दोन गोष्टी: घड्याळ न लावणं आणि ध्वनिफीत मध्येच थांबवणं. परीक्षेत प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात. तुम्हीही दोनदाच ऐका.

प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करत चला. खात्री असेल तर काही नाही, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. तपासताना गुण दोनदा मोजा, एकदा सगळे आणि एकदा प्रश्नचिन्हवाले वगळून. डेलेत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून परीक्षेत अंदाज जरूर लावावा. पण इथे आपण प्रमाणपत्र मिळवत नाही आहोत. ३० पैकी २२ आणि त्यातले ९ अंदाजाचे, तर वाचन अजून त्या पातळीचं नाही.

ऐकण्यात चुकलात तर का चुकलात हे शोधणं सोपं आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही. ध्वनिफितीची लिखित संहिता उघडा आणि चुकलेला भाग वाचा. वाचूनही कळलं नाही, तर शब्दसंग्रह किंवा व्याकरण कमी पडतंय. वाचल्यावर “अरे, हे तर येतं” असं झालं, तर कान तयार नाही, आणि त्यावर आणखी शब्द पाठ करून काही होणार नाही. कान तयार नसण्याचं कारण बरेचदा उच्चारांची सवय असतं. सगळं शिक्षण माद्रिदच्या ध्वनिफितींवर झालेलं असतं, आणि समोर येतं कॅरिबियन बाजूचं स्पॅनिश, ज्यात शब्दाच्या शेवटचा ‘स’ अर्धा गिळला जातो, किंवा ब्युनोस आयरिसचं, जिथे ‘यो’चं (मी) ‘शो’ होतं. डेलेत वेगवेगळ्या देशांचे आवाज असतात.

लेखनाला उत्तरसूची नसते, म्हणून लोक तो भाग गाळतात. गाळू नका, खरी पातळी इथेच उघडी पडते. बी१ला दोन मजकूर असतात: एक पत्र किंवा ई-मेल, १०० ते १२० शब्दांचा, आणि दुसरा १३० ते १५० शब्दांचा. शब्दकोश बंद, फोन दुसऱ्या खोलीत, हाताने लिहा. लगेच तपासू नका. दुसऱ्या दिवशी तीन रंगांची पेनं घेऊन बसा. एका रंगाने क्रियापदाच्या चुका, दुसऱ्याने लिंग-वचन आणि उपपदं (शेवटी ‘आ’ असूनही पुल्लिंगी ‘एल प्रोब्लेमा’, शेवटी ‘ओ’ असूनही स्त्रीलिंगी ‘ला मानो’ इथे हमखास सापडतात), तिसऱ्याने जिथे म्हणायचं एक होतं आणि येत नाही म्हणून दुसरंच लिहिलं, त्या जागा. तिसरा रंग सर्वांत महत्त्वाचा. डेलेचे परीक्षक लेखनाला चार अंगांनी जोखतात: मजकुराचा प्रकार पाळलाय का, सांगणं सुसंगत आहे का, भाषा बिनचूक आहे का, आणि भाषेचा आवाका किती आहे. छोटी सुरक्षित वाक्यं लिहून शून्य चुका करणारा शेवटच्या अंगात मार खातो. एकही लाल खूण नसलेला बी१चा मजकूर माझ्या हाती आला, तर मला आधी शंका येते.

मजकुरात संकेतार्थ, म्हणजे सुब्खुन्तिवो, आहे का तेही बघा. इन्स्तितुतोच्या अभ्यासक्रम-आराखड्यात त्याचा वर्तमानकाळ बी१ला येतो, अपूर्ण भूतकाळ बी२ला. ‘क्वान्दो येगेस, यामामे’ (पोचलास की फोन कर) हे न अडखळता लिहिलंत तर बी१च्या वाटेवर आहात. ‘सी तुबियेरा तियेम्पो, इरिया’ (वेळ असता तर गेलो असतो) फक्त ओळखता येतं, पण गेल्या महिनाभरात आपणहून एकदाही लिहिलं-बोललं नाही, तर ते अजून आपलं झालेलं नाही.

बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा. विषय घ्या, १५ मिनिटांत मुद्दे टिपा (परीक्षेत ते वाचून दाखवता येत नाहीत), आणि दोन-तीन मिनिटं सलग बोला. मग कंटाळवाणं पण न टाळता येणारं काम: जसं बोललात तसं, अडखळण्यांसकट, शब्दन् शब्द कागदावर उतरवा. वाक्यं जोडायला ‘इ’ (आणि), ‘पेरो’ (पण), ‘पोर्के’ (कारण) या तिघांखेरीज चौथं काही आलं का? भूतकाळ सुरू केला आणि मध्येच वर्तमानात घसरलात का? इंग्रजी शब्द कितींदा आला? आपले ‘त’, ‘द’ आणि स्वच्छ स्वर स्पॅनिशला जवळचे असल्यामुळे मराठी माणसाचं बोलणं कानाला बरं लागतं. ऐकणारे “किती छान बोलता!” म्हणतात आणि आपण फुगतो. कागदावर उतरवलेल्या मजकुरात उच्चार दिसत नाही, हाच त्याचा उपयोग.

संभाषण मात्र एकट्याने तपासता येत नाही. त्यासाठी ऑनलाइन शिक्षकाचा अर्धा तास विकत घ्या. “माझी लेव्हल सांगा” असं विचारू नका. गिऱ्हाईक टिकवायचं असल्यामुळे उत्तर गोडच येतं. तक्त्यातली बी१ आणि बी२ची संभाषणाची ओळ आधी पाठवा, मध्ये तोडून प्रश्न विचारायला सांगा, आणि शेवटी कुठल्या ओळीतलं काय जमलं नाही तेवढंच विचारा.

आता गुणांचं. बी१च्या डेलेत चार भाग, प्रत्येकी २५ गुण. वाचन आणि लेखन मिळून एक गट, ऐकणं आणि बोलणं मिळून दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेत. समजा वाचनात २३, लेखनात २२, बोलण्यात २० आणि ऐकण्यात ९ मिळाले. एकूण ७४. तरीही निकाल ‘नो आप्तो’, म्हणजे नापास, कारण दुसऱ्या गटात २९च झाले. घरच्या गुणांचीही बेरीज अशीच, गटवार करा.

प्रमाणपत्र लागणारच असेल तर डेले की सिएले ही स्पॅनिशची दुसरी परीक्षा, हाही प्रश्न येतो. डेलेला पातळी आधी निवडावी लागते आणि निकाल पास किंवा नापास, पण प्रमाणपत्राला मुदत नाही. सिएले संगणकावर होते. चार भाग, प्रत्येकी २५० गुण, आणि प्रत्येक भागाची पातळी सी१पर्यंत वेगळी सांगतात. तिची वैधता ५ वर्षं. आपण कुठे आहोत हेच माहीत नसलेल्याने डेले बी२चे पैसे भरून नशीब आजमावण्यापेक्षा सिएले द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पेनच्या नागरिकत्वासाठी किंवा कायमस्वरूपी कामासाठी कागद हवा असेल तर डेले. फक्त उत्सुकता असेल तर दोन्हींची गरज नाही. लँकेस्टर विद्यापीठाची डायलँग नावाची चाचणी फुकट आहे, तिच्यात स्पॅनिश आहे, आणि ती तुमचा स्वतःबद्दलचा अंदाज आधी विचारून मग निकालाशी ताडून दाखवते. बोलणं मात्र तीही तपासत नाही.

पुन्हा तपासायची घाई करू नका. एका पायरीच्या आत महिनाभरात जो फरक पडतो तो या प्रश्नपत्रिकांना दिसत नाही. आणि तोच नमुना दुसऱ्यांदा सोडवून उपयोग नाही, उत्तरं लक्षात राहिलेली असतात. अधिकृत नमुने मोजकेच असतात, तेव्हा आपल्या पुढच्या पातळीचा नमुना आत्ताच ‘नुसता चाळून’ बघू नका.